कोरा झोका

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी ते उलटं करून ठेवशील, मग चहा पिशील आणि मग उघडशील. आठ वर्षांनी लिहितोय. फोन करणार होतो, पण फोनवर माझं काही खरं नाही. पलीकडून कोणी हॅलो म्हणालं की मी हवापाण्यावर बोलायला लागतो आणि मुद्दा राहतो बाजूला.

मुद्दा असा. माझी लेक एकोणीस वर्षांची झाली. दीड वर्षाची असताना कपाटाच्या माथ्यावर चढून बसलेली सापडली होती, तेव्हा तूच तिला खार म्हणालीस आणि तेच नाव राहिलं. तिला एका फिरत्या सर्कशीने झुल्यावर घेतलंय. बारा एप्रिलला पहिला खेळ. कंपनी चांगली आहे, जाळी नवी आहे, तिला हवेत झेलणारा माणूस दोन मुलांचा बाप आहे आणि दारूला शिवत नाही. मी स्वतः जाऊन त्याची मनगटं बघून आलो. तेव्हा सगळं आलबेल असायला हवं.

पण खारला कोरा झोका घ्यायचाय.

तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो, कारण हे एवढं वेडगळ काही आपल्या घरात खरंच होतं का ते मला कागदावर बघायचंय. नव्या गावात तंबू उभा राहिला की पहिल्या खेळाआधी, दुपारी, रिकाम्या तंबूत घरातल्या प्रत्येकाने एक झोका जाळीशिवाय घ्यायचा. आजोबांनी घातलेली रीत. खाली जाळी असली की हात आळशी होतो, म्हणायचे. बाबांनी ती पुढे चालवली. आणि सव्वीस वर्षांपूर्वी आपल्या मधल्याने, भिंगरीने, शेवटचा कोरा झोका घेतला. तो बावीसचा होता, तू एकोणीसची. तू वर फळीवर उभी राहून त्याच्या हातात झुला दिलास, आणि मी समोर गुडघ्यांवर उलटा लटकून त्याला झेलायला हात पसरले.

त्यानंतर आपल्या घरात कोणी कोरा झोका घेतला नाही. आता ही घेणार म्हणते. कंपनीत कोणी करू देणार नाही, म्हणून माझ्या गोदामात, जिथे मी शिकवतो तिथेच. अठ्ठावीस मार्च तारीखसुद्धा ठरवलीय. डोक्यात कुणी भरवलं म्हणून विचारशील तर तू. तुझं ते भाषण, 'दुःखाचं देणं', तिच्या मोबाइलवर आहे. भांडी घासताना लावते. 'त्या दिवशी मी मोठी झाले' हे तुझं वाक्य तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझ्या हातातून दोर सुटला.

तिला लिही. सांग की असं काही नसतं. माझं ती ऐकत नाही, बाप म्हणजे घरकी मुर्गी. तुझं ऐकेल.

अजून एक. सांगू का नको असं झालंय. भिंगरी येतो. दुपारी चारच्या सुमारास, आम्ही जाळी ताणायला घेतली की वर फळीवर पाय सोडून बसलेला असतो. पकड सुटू नये म्हणून लावतो ती पांढरी पूड कोपरापर्यंत माखलेले हात. बोलत नाही, हसत नाही. आम्ही मारतो त्या गाठी बघत बसतो. शेवटची गाठ पडली की नसतो. मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुझा दादा


१५ फेब्रुवारी

दादा,

पाकीट उलटं ठेवलं नाही. सरळ ठेवलं आणि चार दिवस त्यावर कपबशा ठेवल्या.

आठ वर्षांनी लिहिलंस आणि पहिलं वाक्य टोमण्याचं. बरं वाटलं. म्हणजे तूच आहेस.

तुझी विनंती मला जमणार नाही. मी लोकांसमोर उभी राहते ती नोकरी आहे म्हणून नाही. दवाखान्यातल्या नर्सेस येतात, कॉलेजची मुलं येतात, नवरा गेलेल्या बायका येतात. त्यांना मी सांगते की माझा भाऊ माझ्या डोळ्यांसमोर गेला, माझी सर्कस गेली, माझे हात तीन वर्षं कुठल्याही उंच दांड्याला लागले की थरथरायचे, आणि त्यातूनच मी आज उभी आहे. त्या बायका माझा हात धरून रडतात. आता मी भाचीला लिहू, की बाई, ते सगळं चारशे लोकांसाठी, घरच्यांसाठी नाही? लोका सांगे ब्रह्मज्ञान असं झालं ते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे बाबा म्हणायचे आणि त्यांचा मला किती राग होता ते तुला माहीत आहे. पण राग वेगळा आणि खरंखोटं वेगळं. मी सर्कस सोडून शाळेत गेले असते, लग्न करून बसले असते, सुखात असते आणि कोणी नसते. हे मला त्यांनीच दिलं. मी त्यांना माफ केलंय ते एवढ्यासाठीच. भिंगरीने त्या सकाळी त्यांच्याकडे जाळी मागितली होती. माझ्यासमोर मागितली. त्यांनी दिली नाही आणि स्वतः परवान्याच्या कचेरीत निघून गेले, बघायलाही थांबले नाहीत. अशा माणसाला माफ करायला मला वीस वर्षं लागली. त्या वीस वर्षांचं काहीतरी मोल असू दे की.

लपवत नाही, म्हणून सांगते. खारने डिसेंबरमध्ये मला पत्र टाकलं होतं. मी उत्तर दिलं. भीती अंगावर घेतल्याशिवाय ती जात नाही, असं लिहिलं. कोऱ्या झोक्याबद्दल तिने विचारलं नव्हतं, मीही बोलले नाही.

भिंगरीचं वाचलं. तू चष्मा बदलून घे.

धाकटी


२४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं डिसेंबरचं पत्र सापडलं. खारने ते तिच्या पुडीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. रोज हात माखताना वाचते. हात दाखवून अवलक्षण कसं करून घ्यावं ते तुझ्याकडून शिकावं.

मी शिकलेला नाही, पण बावीस वर्षं मुलं शिकवलीत. दीडशे तरी असतील. त्यातली जी घाबरून, मार खाऊन, ओरडा खाऊन शिकली, ती झुल्यावर बरी असतात आणि खाली उतरली की कुणाच्या डोळ्यांत बघत नाहीत. आणि जी जाळीत धडाधड पडून, दात काढून, एकमेकांना शिव्या घालून शिकली ती जास्त चांगली उडतात. हे मी मोजून सांगत नाही, बघून सांगतो. दुखणं काय, पाचवीला पुजलेलंच असतं. हाताची सालटी निघतात, खांदे भरून येतात, त्यातून सुटका नाही. पण त्याच्यावर आणखी कुणी आणून घालायची गरज नसते.

टाकीचे घाव म्हणतेस. एक गोष्ट तुला कोणी विचारली नाही का, त्या चारशे लोकांत? घाव घालताना जो दगड फुटतो त्याचं काय होतं? त्याची खडी होते, रस्त्यावर पसरतात. भिंगरी गेला आणि तू घडलीस. छान. भिंगरीला काय मिळालं?

रागाने लिहिलं. खोडत नाही.

बाबांबद्दल एवढंच सांगतो की तुला सगळं माहीत नाही. आज नाही सांगत. चष्मा बदलून आणला. तो अजून येतो, आता जरा स्पष्ट दिसतो एवढंच.

दादा


३ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून मी दोन कार्यक्रम रद्द केले. ताप आला असं कळवलं. थोडा होताही.

भिंगरीला काय मिळालं, हे मला कोणी विचारलेलं नाही असं नाही. तो स्वतः विचारतो. चष्मा बदल म्हणाले, ते तोंडाला आलं म्हणून. गेली सहा वर्षं माझ्या प्रत्येक भाषणात तो मागून तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. हॉल कुठलाही असो. भाषण सुरू होतं तेव्हा ती खुर्ची रिकामी असते. मी 'त्या दिवशी मी मोठी झाले' या वाक्याला येते आणि तो असतो. पांढरे हात मांडीवर ठेवून. सगळे टाळ्या वाजवतात, तो वाजवत नाही. वाजवल्या असत्या तर पूड उडाली असती, ती दिसली असती, असा विचार मी स्टेजवर उभी राहून करते.

मी ते वाक्य भाषणातून काढून बघितलं. मग मला पुढचं काही बोलताच येईना.

आता ऐक, कारण हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी भिंगरीने बाबांकडे जाळी मागितली तेव्हा मी तिथेच वेणी घालत बसले होते. बाबा 'बघू' म्हणून उठून गेले. मी सगळ्यांच्या देखत भिंगरीला म्हणाले, "जाळी कशाला, उशी बांधू का खाली? अंगाई पण म्हणते." सगळे हसले. तंबूवाले हसले, तू हसलास. तोही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. दुपारी फळीवर मी त्याच्या हातात झुला दिला तेव्हा त्याचा हात ओला होता. त्याने पूड पुन्हा लावायला हवी होती. मी थांबले असते तर लावली असती. मी म्हणाले, "चल रे, उशीर होतो." एवढंच म्हणाले.

माझं वय तेव्हा खारएवढं होतं.

तेव्हा दादा, मला ते दुःख कशाच्या तरी उपयोगाचं लागतं. मी त्याला हसले आणि तो पडला, आणि त्यातून काहीही झालं नाही, कोणी शहाणं झालं नाही, कुणाचं भलं झालं नाही, असं असेल तर मी सकाळी उठून कशासाठी दात घासायचे ते तू सांग.

बाबांचं काय ते लिही. 'आज नको, उद्या बघू' चालणार नाही. लिही.

धाकटी


७ मार्च

धाकटे,

घाईत आहे. खारशी काल भांडण झालं. गोदामाला कुलूप लावतो म्हणालो, तर म्हणाली दुसरीकडे करेन, अनोळखी दोरांवर. कंपनीचा तो झेलणारा तयार नाही, तर तिने एका जुन्या मैत्रिणीला तयार केलंय, जी दोन वर्षं झुल्यावर चढलेली नाही. म्हणजे आधीच उल्हास. तिची आई शिवणयंत्रावर बसून खेळाचे कपडे शिवते आणि टिपं घालता घालता रडते, मग टिपं वाकडी जातात, मग उसवते.

मी खारला विचारलं, तुला नक्की हवंय तरी काय? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांनी काहीतरी सोसलंय. माझ्याकडे काहीच नाही. मी वर जाते आणि मला नुसती मजा येते. मजेने कोणी मोठं होतं का?"

लहानपणापासून या घरात ती भिंगरीच्या फोटोभोवती वाढली.

तू विचारलंस ते लिहायला बसतो आणि उठतो. लिहितो.

दादा


१२ मार्च

धाकटे,

सहा दिवसांत चार कागद फाडले. हा फाडणार नाही.

बाबा त्या सकाळी 'बघू' म्हणून उठले आणि तंबूच्या मागे माझ्याकडे आले. मी खिळे मोजत होतो. म्हणाले, "जाळी बांध. मधल्याचं मन आज थाऱ्यावर नाही. आणि खरं सांगू, मलाही आता ही रीत पुरे झाली. आजपासून बंद." मग म्हणाले, "मी कचेरीतून येतो, तोवर ताणून ठेव." आणि गेले.

जाळी ट्रकच्या तळाला होती. ती काढून ताणायला चौघं लागतात आणि तास जातो. पण आळसाने बांधली नाही असं मी म्हणणार नाही, तेवढी सूट मला नको. मी बांधली नाही कारण मी आत आलो तेव्हा तू सगळ्यांसमोर त्याला उशीवरून बोललीस आणि मला वाटलं, आता जाळी बांधली तर हा जन्मभर उशीवाला म्हणून ओळखला जाईल. मला वाटलं, एकदा घाबरून उडाला की पुढे कधी घाबरणार नाही. त्याच्या भल्याचं होतं. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि दुसऱ्याच्या भल्याचं मला फार कळत होतं.

तो माझ्याकडे आला. विचारलं, "बाबा काय म्हणाले?" मी म्हणालो, "नको म्हणाले."

"बरं," म्हणाला आणि हात माखायला गेला.

पुढचं तू वरून पाहिलंस, मी उलटं लटकून पाहिलं. मनगटाला मनगट लागलं. मी धरलं होतं. हे कुणाला सांगितलं नाही, पण मी धरलं होतं, धाकटे, आणि मग ते माझ्या मुठीतून निघून गेलं. त्याने खाली पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. जाळी आहे असं वाटणाऱ्या माणसासारखं ते तोंड नव्हतं, आणि नाही असं वाटणाऱ्यासारखंही नव्हतं.

बाबा परत आले तेव्हा त्याला चादरीवर ठेवलं होतं. त्यांनी आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, मग माझ्याकडे. पोलीस आला, त्याने विचारलं जाळी का नव्हती. मी तोंड उघडलं. बाबा माझ्या पुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मीच नको म्हणालो होतो. आमच्या घरची रीत आहे." रात्री मी त्यांच्या पाया पडायला गेलो तर मला उठवून म्हणाले, "आता हेच खरं. एक गेला. दुसऱ्याला मी यात घालवणार नाही." तू तिकडे कोपऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत होतीस. तुझे डोळे त्यांनी पाहिले होते. तरीही त्यांनी शब्द फिरवला नाही, अठरा वर्षं.

शेवटच्या आजारात रोज विचारायचे, धाकटी येणार का. मी तुला हे सगळं लिहून पाकीट बंद केलं होतं. तिकीटही लावलं होतं. टाकलं नाही. मला वाटलं ते बरे होतील, मग टाकू. मग ते गेले आणि मला वाटलं, आता कशाला.

भिंगरी फळीवर बसून गाठी बघतो, ते का, हे आता तुलाही कळलं. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

दादा


२० मार्च

दादा,

पत्र मिळालं.

तुला शिव्या देत तीन पानं लिहिली होती, ती टाकत नाही. त्यात नवीन काही नाही, तुझ्या मनात असतील त्याच आहेत.

बाबांना मी शेवटचं भेटले ते आईच्या वेळी. त्यांनी दारात माझी पिशवी उचलायला हात पुढे केला आणि मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एवढंच. ते आत गेले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले. मी प्यायले नाही. आता मला दिवसभर तो पेला दिसतो. भिंगरी परवडला.

वीस वर्षं खपून मी ज्याला माफ केलं त्याने काही केलेलंच नव्हतं. आणि ज्या क्रूरपणाने मला घडवलं असं मी गावोगाव सांगत फिरले, तो क्रूरपणा नव्हताच मुळात. एक म्हातारा माणूस होता, ज्याला पोराची भीती दिसली आणि ज्याने सकाळीच ठरवलं की पुरे झालं. आपल्या घरात हे कळलेला तो एकटाच, आणि आपण दोघांनी मिळून त्याला एकटं टाकलं. तू गप्प बसून, मी बोलून बोलून.

तुला माफ करणं मला जमेल असं वाटत नाही. निदान वीस वर्षं धर.

आता खारचं. तू म्हणालास तिला लिही. मी लिहिणार नाही. माझ्या शब्दांनी आधीच दोघांना वर चढवलंय. तुझं बारा तारखेचं पत्र सोबत परत पाठवतेय. तिला समोर बसव आणि स्वतः वाचून दाखव, पहिल्या शब्दापासून. तिच्या हातात देऊन बाहेर जाऊन उभा राहू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. ती तुझं तोंड पुन्हा बघणार नाही अशी तुला भीती वाटेल. वाटू दे. तिचं मनगट की तुझी अब्रू, एवढाच प्रश्न आहे.

आठ दिवस उरलेत.

धाकटी


२९ मार्च

धाकटे,

वाचून दाखवलं. तेवीस तारखेला, गोदामात, गाद्यांवर बसून. एक शब्द गाळला नाही. खारने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर दोनच प्रश्न विचारले. पहिला, आत्याला कधी कळलं. दुसरा, "आजोबा तुमच्याबरोबर जेवायचे?" मी म्हणालो, हो, रोज, शेजारी बसून. ती उठली, डबा उघडला, झाकणाला चिकटवलेलं तुझं पत्र काढलं, घडी करून माझ्या हातात दिलं आणि निघून गेली.

चार दिवस घरी आली नाही. मैत्रिणीकडे होती. तिच्या आईला निरोप यायचा, मला नाही. मी गोदाम झाडलं, दोर तपासले, पुन्हा झाडलं. भिंगरीही फिरकला नाही, कारण जाळीच बांधली नव्हती.

काल अठ्ठावीस तारीख. दुपारी साडेतीनला आली. मैत्रीण बरोबर नव्हती. कोपऱ्यातून जाळी ओढायला लागली, एकटी. मी दुसरं टोक धरलं, तर नको म्हणाली नाही. तिची आई दारात उभी होती, ती आत आली, चपला काढल्या आणि तिसरं टोक धरलं. चौथा कोपरा आधी खिळ्याला अडकवला, मग ताणला. चोवीस गाठी आहेत. खारने चोवीसही स्वतः हाताने ओढून बघितल्या. वर फळीवर तो येऊन बसला होता. मी वर पाहिलं नाही, पण होता.

सगळं झाल्यावर खार म्हणाली, "बाबा, वर चढा. मला झेला."

मी त्या दिवसानंतर उलटा लटकलेलो नाही, धाकटे. शिकवतो ते खालून. चोपन्न वर्षांचा आहे, गुडघ्याला पट्टा बांधतो. मी म्हणालो, अगं, मला जमायचं नाही. तिने नुसता पुडीचा डबा पुढे केला. मी हात माखले, शिडी चढलो, आणि लटकलो. सगळं रक्त डोक्यात आलं आणि सव्वीस वर्षं मधे गेलीच नाहीत असं झालं. समोर फळीवर एकोणीस वर्षांची पोर झुला धरून उभी. तिच्या मागे तो.

मी हाक दिली. ती आली. मनगटाला मनगट लागलं. मी धरलं.

आणि सुटलं.

तसंच, धाकटे. त्याच जागी, तेवढ्याच वेळात. मुठीतून तसंच निघून गेलं. माझ्या तोंडातून आवाज आला तो माणसाचा नव्हता, असं खारची आई म्हणते. आणि खार खाली गेली, पाठीवर पडली, जाळी दबली, तिला वर फेकलं, पुन्हा पडली, पुन्हा वर, आणि हसायला लागली. पोट धरून हसत होती. मी उलटा लटकून बघत होतो, त्यामुळे ती मला छताकडे पडल्यासारखी दिसली.

मी ओरडून विचारलं, "काय चुकलं?" म्हणाली, "काही नाही, पूड कमी पडली. आणि तुमचे हात काय गार आहेत हो, भुताचे असल्यासारखे." मग कडेला जाऊन उलटी कोलांटी घेऊन उतरली आणि आईला म्हणाली, "भूक लागली."

बस. संपलं. ती काहीही शिकली नाही. शहाणी झाली नाही, मोठी झाली नाही. पडली, उठली, खायला मागितलं. मी तिथेच लटकून रडायला लागलो आणि पाणी कपाळावरून केसांत जायला लागलं. एवढंच हवं होतं गं. सव्वीस वर्षांपूर्वी त्या दुपारी एवढंच व्हायचं होतं. तो पडला असता, हसला असता, तू आणखी एकदा उशीवरून चिडवलं असतंस, त्याने तुझी वेणी ओढली असती आणि आपण सगळे जेवलो असतो. त्या दिवसाची कुणाला आठवणही राहिली नसती.

आता जे लिहितो त्यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. खार उतरून दाराशी गेली होती. जाळी शांत झाली होती. मी दोर धरून खाली यायला निघालो आणि फळीकडे पाहिलं. तो उभा होता. या वेळी गाठी बघत नव्हता. त्याने झुला धरला नाही, काही नाही. नुसता पुढे पाऊल टाकलं.

जाळी मधोमध दबली आणि वर आली. चोवीसही गाठी करकरल्या. खारने दारातून वळून बघितलं, म्हणाली, "बाबा, काय टाकलंत?"

मी म्हणालो, काही नाही.

ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण आज सकाळी निघताना माझ्या डब्यात पूड भरून ठेवली.

दादा


५ एप्रिल

दादा,

परवा माझा कार्यक्रम होता, आधीच ठरलेला. त्या वाक्यापाशी आले. म्हणाले, "माझा भाऊ पडला. त्यातून मला काहीही मिळालं नाही. मिळालं असं मी तुम्हाला सांगत आले ते मला झेपत नव्हतं म्हणून. तो खूप हसरा होता आणि त्याला जाळी हवी होती." आणि खाली बसले. आधी टाळ्या झाल्या, सवयीने. मग थांबल्या. पुढच्या रांगेतली एक बाई उठून माझ्यापाशी आली आणि बाजूला बसली. मागून तिसऱ्या रांगेत कोणी नव्हतं. मी तीनदा बघितलं.

खारच्या पहिल्या खेळाआधी, आठवड्याच्या शेवटी येते. तुझ्याशी बोलेन की नाही ते अजून ठरवलेलं नाही. बाबा वापरायचे तो पेला घरात असेल तर वर काढून ठेव, त्यातून पाणी पिईन.

वहिनीला सांग, माझ्या मापाचं काहीतरी शिवून ठेव, सैलसर, पंचेचाळीस वर्षांच्या बाईला उडी मारता येईल असं.

आणि मी येईपर्यंत जाळी काढू नकोस. मला एकदा पडायचंय.

धाकटी